बावखलाचा मध्य

१९८४ च्या मे महिन्यात माझं लग्न ठरलं होतं आणि लग्नाला माझा सख्खा काका येणार नव्हता. तो काही परदेशात नव्हता. आमच्या ओट्यापासून सत्तर पावलांवर राहत होता. माझे पपा सॅन्टन मास्तर आणि त्यांचा धाकटा भाऊ पॉल अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. कारण विचाराल तर एक लाकडी खांब आणि पाच हात गाळ.

बावखल म्हणजे काय हे वसईबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. वाडीत खणलेला गोड्या पाण्याचा मोठा खड्डा, विहिरीपेक्षा रुंद आणि तळ्यापेक्षा लहान. पायऱ्या नाहीत, कठडा नाही, शोभाही विशेष नाही. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं आणि वर्षभर केळीला, पानवेलीला पुरतं. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की गाळ उपसायचा आणि केळीच्या बुडाशी टाकायचा. हा गाळ केळीला इतका मानवतो की आमच्याकडची माणसं त्याच्याबद्दल जावयापेक्षा जास्त आदराने बोलतात.

आमचं बावखल आजोबांनी खणलेलं. जाताना त्यांनी वाडी दोघा मुलांत वाटून दिली, पण बावखल बरोबर मधोमध येत होतं. आजोबा शाळेत गेले नव्हते, मात्र स्वतःला वकील समजत. त्यांनी नियम घालून दिला. मे महिन्यात शेवटचं पाणी जिथं उरेल तो बावखलाचा मध्य. तिथं खांब मारायचा. खांबाच्या पूर्वेचा गाळ थोरल्याचा, पश्चिमेचा धाकट्याचा. तलाठी नको, मोजणीची साखळी नको, पाणीच काय ते सांगेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाणी उद्या दुसरीकडे उरलं तर काय, असं कोणी विचारलं नाही. असले प्रश्न विचारणारं माणूस आमच्या घराण्यात एकच निपजलं ते म्हणजे मी, आणि माझा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी झाला.

या नियमाला दोघा भावांनी आपल्याकडून एक पुरवणी जोडली होती. गाळ काढताना खांबाच्या दोन्ही अंगांना हात-दीड हात जागा तशीच सोडायची. हद्दीवर फावडं नको, उगाच कोणाला वाटायला नको की भाऊ आपल्यात शिरला. गावात या समजूतदारपणाचं कौतुक व्हायचं. फादर एकदा प्रवचनात म्हणाले होते म्हणे, की भाऊ असावेत तर असे.

खांब कुजून मोडला की नवा मारायचं काम पॉलकाकाचं. तो वयाने लहान, अंगाने काटक, कमरेएवढ्या चिखलात उतरायचा. पपा प्राथमिक शाळेत गणित शिकवायचे. ते काठावरून बघायचे. चिखलात मास्तरांनी उतरावं असं त्यांना वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर काकालाही वाटत नव्हतं.

१९७३ च्या मे महिन्यात पपांनी आपल्या काठापासून खांबापर्यंत नेहमीची मापाची दोरी धरली, आणि ती पाच हात उरली. त्यांनी पुन्हा धरली. पुन्हा पाच हात. पपांच्या गणितात चूक निघाल्याचं आळीत कोणी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी काकाला काठावर बोलावलं आणि विचारलं, “खांब कुणी हलवला?”

काका म्हणाला, “पानी रायलं तिथं मारला.”

पपांना हे उर्मट उत्तर वाटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, काकाने पुन्हा तेच सांगितलं. मग पपा गाळ उपसायला आलेल्या माणसांसमोर म्हणाले, “आपल्याच भावाची माती चोरतोस?” काकाने फावडं खाली ठेवलं, पाय धुतले आणि तो घरी गेला. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, काठावर उभी होते. दोन मोठी माणसं इतक्या थोड्या शब्दांत इतकं मोठं काम करून टाकतील यावर माझा विश्वास बसला नाही.

त्यानंतर काका आपला गाळ मेच्या पहिल्या आठवड्यात काढायचा, पपा दुसऱ्या आठवड्यात माणसं लावायचे. खांब मोडला तर काकाच नवा मारायचा, त्याच जागी. पपा दर वर्षी दोरी धरायचे आणि जेवताना म्हणायचे, “पाच हात.” आई, म्हणजे आग्नेस, म्हणायची, “भात वाढू?”

१९७९ मध्ये लुसीकाकी गेली. पॉलकाकाची बायको. तिनेच मला त्या बावखलात पोहायला शिकवलं होतं, कमरेला सुके नारळ बांधून. तिला मूल नव्हतं आणि तिने मला तसं कधी जाणवू दिलं नाही. चार महिने अंथरुणाला खिळून होती. पपा एकदाही बघायला गेले नाहीत, आणि मातीलाही गेले नाहीत. आमच्याकडे माणूस भांडण विसरून मातीला जातो. ज्याच्याशी कोर्टात उभा आहे त्याच्याही दारात जातो, मागे उभा राहतो, मूठभर माती टाकतो आणि परत येऊन पुन्हा भांडतो. आई गेली, मी गेले, सगळी आळी गेली. पपा त्या सकाळी केळीची सुकी पानं कापत होते. पेटी आमच्या कुंपणावरून गेली तेव्हाही त्यांचा कोयता थांबला नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की पुढचे दोन महिने मी मुंबईहून घरी आले नाही.

आता मुंबईत मी काय करत होते ते. मी समुद्राच्या तळाचा अभ्यास करत होते. सहा वर्षं, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, पंख्याखाली. जहाजावर मी गेले नव्हते, कारण जहाजावर बायकांसाठी वेगळा संडास नव्हता. जे पुरुष जहाजावर जाऊन उलट्या करत, ते परत येताना कागदाच्या लांब पट्ट्या आणत. त्यांवर तळाच्या खडकातल्या चुंबकत्वाच्या रेघा असत. मी त्या रेघा जुळवत बसे. संडासाची गरज नसलेला भूगर्भशास्त्राचा तेवढा एकच भाग होता.

गावात माझ्या कामाबद्दल कुतूहल होतं. पाचूबंदरहून मासे घेऊन येणारी मालू मला दर सुट्टीत विचारायची, “तिथं तलाला म्हावरं हाय का?”

“फार खोल आहे, मालूमावशी. काळोख असतो.”

“मंग कशाला बगतीस?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्या मार्गदर्शकांनाही देता आलं नसतं.

पण विषय सुंदर होता. समुद्राच्या तळाला, मधोमध, हजारो मैल लांब डोंगरांची रांग असते आणि रांगेच्या माथ्यावर चीर. त्या चिरेतून खालचा वितळलेला खडक वर येतो, थिजतो आणि दोन बाजूंना सरकतो. पुन्हा नवा येतो, तोही दुभंगून सरकतो. नवा तळ मध्यात आणि जुना काठाकडे, दोन्ही अंगांना सारखा. अगदी दोन भावांनी वाटून घ्यावा तसा. इथपर्यंत सगळं नीटनेटकं आहे.

गोंधळ होतो तो तप्त बिंदूंमुळे. पृथ्वीच्या पोटात, कवचाच्या खाली, काही जागा आजूबाजूपेक्षा जास्त तापलेल्या असतात. त्या आपल्या जागी जवळजवळ स्थिर राहतात. वरचं कवच सरकतं, त्याबरोबर डोंगरांची रांगही सरकते आणि हळूहळू तप्त बिंदूपासून लांब जाते. पण बिंदू ज्या कवचाखाली येतो ते खालून तापत राहतं, पातळ होतं, लेचंपेचं होतं. मग एके दिवशी चीर आपली जुनी जागा सोडते आणि त्या लेच्यापेच्या जागी नवी पडते. आमच्या विषयात एक दिवस म्हणजे काही लाख वर्षं. रांग तिथं हळूहळू चालत जात नाही. ती उडी मारते. मागे जुनी रांग तशीच पडून राहते, थंड, मेलेली, गाळाखाली गाडलेली.

आमच्या अंगणातल्या समुद्रातच असं घडलंय. पूर्वी चीर होती मादागास्कर आणि सेशेल्स यांच्यामध्ये, आणि सेशेल्स बेटं तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागून होती. सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वी एक तप्त बिंदू आपल्या खाली आला, सह्याद्रीचा सगळा काळा दगड त्याने ओतला, आणि त्याच सुमाराला चीर इकडे उडी मारून आली. सेशेल्स आपल्यापासून तुटली आणि मधे समुद्र आला. तो बिंदू आज रियुनियन बेटाखाली आहे. हे मी आमच्या फादरना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे सातिवलीच्या गरम पाण्याच्या कुंडांसारखं.” मी नाही म्हणाले. ते म्हणाले, “असंच काहीतरी.” मी सोडून दिलं.

तर, लग्न. नवरा आल्बर्ट, बँकेत होता, सज्जन होता आणि या गोष्टीत त्याला काही काम नाही. मेच्या सुरुवातीला मी घरी आले आणि पहिल्याच दिवशी पॉलकाकाकडे गेले. तो ओट्यावर विड्याची पानं रचत बसला होता. बाईमाणूस नसलेल्या घराचा वास येत होता.

“काका, तू लग्नाला यायचंस.”

“दादाने बोलावलं का येन.”

“मी बोलावते ना.”

“तू पोर हायस. लगीन तुज्या बापाच्या घरातलं हाय.” तो पानं रचत राहिला. “मी चोर म्हनून मांडवात नाय बसनार, हिल्डा.”

मी घरी येऊन पपांना सांगितलं. पपा म्हणाले, “खांब हलवला असं त्याने एकदा म्हणावं. त्याच संध्याकाळी जाऊन बोलावतो.” दोघांचंही म्हणणं वाजवी होतं. दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं मला वाटत होतं. एकोणीस दिवस उरले होते. वेदीपर्यंत मी जाणार, मागच्या बाकांकडे बघणार, आणि लुसीकाकी तर नाहीच, काकाही नाही. ते मला सहन होणार नव्हतं.

त्या वर्षी पाणी लवकर तळाला गेलं. काकाने पश्चिमेचा गाळ काढला होता आणि पपांची माणसं अजून यायची होती. एका सकाळी मी हातात लग्नपत्रिकांची पिशवी घेऊन वसईला निघाले होते. बावखलावरून जाताना सहज खाली पाहिलं आणि थांबले.

खांब मध्यात नव्हता. हे मला अकरा वर्षं माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं, पण मी ते बघितलं नव्हतं. बघणं हे माझं काम असूनही. खांब आमच्या बाजूला झुकून होता आणि शेवटचं पाणी, टोपलीएवढं, त्याच्याच पायाशी चमकत होतं. त्या पाण्यात मधूनच एखादा बुडबुडा फुटत होता.

मी पिशवी काठावर ठेवली, साडी खोचली आणि उतरले. खांबाजवळ पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत गेला. खाली वाळू, आणि वाळूतून गार पाणी वर येत होतं. झरा. चिखल तिथं लोण्यासारखा मऊ होता. मागे वळून खऱ्या मध्याकडे गेले तर पाय घोट्याच्या वर जाईना. वरून सपाट दिसणाऱ्या गाळाखाली एक वरंबा होता, उत्तर-दक्षिण, दोन-तीन हात रुंद. कोणी कधी न खणलेला. मी घरून कुदळ आणली आणि वरंबा खरवडला. खाली लाकूड लागलं.

दुपारपर्यंत मला जुन्या खांबांचे नऊ बुंधे सापडले. खांब वर कुजून मोडला तरी बुंधा खालीच राहतो, तो उपटत कोण बसतो? नऊच्या नऊ त्या वरंब्यात, कवेत मावतील इतके जवळजवळ. मग पाच हात काहीच नाही. मी बोटांनी चाचपून पाहिलं, काठी खुपसून पाहिली. काही नाही. आणि मग झऱ्यापाशी, उभ्या खांबाला खेटून, चार बुंधे.

मी तिथंच चिखलात बसले. हे चित्र मी माझ्या प्रबंधासाठी चौदा वेळा काढलं होतं. मादागास्करच्या बाजूला मेलेली रांग, मधे रिकामी जागा आणि इकडे नवी. त्या चित्रावर मी लहानपणी नारळ बांधून पोहले होते. आधी मला हसू आलं, मग स्वतःची चीड आली. सहा वर्षं दोन हजार मैलांवरचा तळ मोजला आणि घरचा सोडला.

घडलं ते सरळ होतं. समजूतदारपणे सोडलेली हद्दीची जागा वीस वर्षांत गाळ धरून उंच होत गेली. मध्य उथळ झाला, आणि इतका घट्ट की खांब हलल्यावरही तिथं कोणी फावडं मारलं नाही. शेवटचं पाणी खांबाच्या आसपास कुठंतरी उरत होतं तोवर जुन्याच जागी नवा खांब मारला जायचा, कोणी काही म्हणायचं नाही. झरा मात्र आपल्या जागी होता, पपांच्या बाजूला, चिखलाखाली. त्याच्यामुळे तिथला गाळ मऊ, आणि माणूस फावडं मारतो ते मऊ जागी. दर वर्षी तिथं थोडं जास्त खणलं जायचं. बहात्तरच्या मे महिन्यात पाणी फारच कमी होतं म्हणून दोन्ही बाजूंना कधी नव्हे इतकं खोल खणलं गेलं, आणि झरा मोकळा झाला. पुढच्या मे महिन्यात शेवटचं पाणी तिथंच उरलं. त्याच वर्षी जुना खांब मोडला. काका नवा खांब घेऊन उतरला, पाणी कुठं आहे ते पाहिलं आणि बापाने सांगितलं होतं तसं केलं.

संध्याकाळी मी पपांना ओट्यावर बसवून हे सगळं सांगितलं. आवेशात सेशेल्सपासून सुरुवात केली, ती चूक झाली. पपा म्हणाले, “बेटांचं राहू दे. बुंधे किती म्हणालीस?”

“नऊ आणि चार.”

“मधे?”

“शून्य.”

ते उठले. त्यांनी विजार गुडघ्याच्या वर दुमडली. आई स्वयंपाकघराच्या दारात आली. “या वयात चिखलात? पडलात तर मी लग्नघरात तुमचे पाय शेकत बसू?” पपांनी ऐकलं नाही. बासष्टाव्या वर्षी माझे पपा आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बावखलाच्या तळाशी उतरले.

त्यांनी प्रत्येक बुंध्याला हात लावला. दोरी धरली. मोकळ्या पाच हातांवरून वीत वीत करत काठी खुपसत गेले, तसे ते मुलांची पाढ्यांची वही तपासायचे. झऱ्यात पाय घातला आणि तो आत गेल्यावर माझा खांदा धरला.

“चोराने दर वर्षी वीतभर सरकवला असता,” ते म्हणाले. “म्हणजे मधे बुंधे सापडले असते.”

“हो.”

“एका वर्षात पाच हात कोणी चोरत नाही. आंधळ्यालाही दिसेल.”

“हो, पपा.”

“मग खांब कोणी हलवला?”

“कोणीच नाही. झऱ्याने मध्य आपल्याकडे ओढून घेतला. काकाने आजोबांचा नियम पाळला. त्याने तुम्हाला सांगितलं होतं.”

“बरोबर,” पपा म्हणाले. अगदी शाळेतल्यासारखं, वर न बघता.

मी खूष झाले. आता ते वर चढतील, पाय धुतील, सत्तर पावलं चालतील आणि काम होईल. माझं सगळं शिक्षण त्या क्षणी कारणी लागलं असं मला वाटलं. पपा चिखलात उभे होते. मग ते म्हणाले, “म्हणजे लुसीच्या मातीला मी गेलो नाही तो उगाचच.”

मी याचा विचार केला नव्हता. काका चोर होता तोवर पपांजवळ कारण होतं. वाईट का होईना, पण कारण. ते मी दुपारभर खपून, कुदळीने, काढून घेतलं होतं. मला वाटलं होतं मी त्यांना भाऊ परत देतेय. त्यांच्या हातात आलं ते भलतंच. मी त्यांचा दंड धरून त्यांना काठाकडे वळवलं.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. पाच हात म्हणाले नाहीत. आईने भात वाढू का विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, पपांनी रविवारचा सदरा घातला आणि ते निघाले. पत्रिका घ्यायला विसरले, म्हणून ती घेऊन मी मागे गेले. काका ओट्यावर बसला होता, पाण्याने भिजवलेल्या फडक्यावर पानं मांडत. पपा पायरीशी थांबले.

“पॉल.”

काकाने वर पाहिलं नाही. “बोल.”

“खांब बरोबर जागी आहे.”

“मी बोल्लो व्हतो.”

“हो. बोलला होतास.”

“पानी रायलं तिथं मारला.”

“हो.”

एवढंच. माझा प्रबंध दोनशे बारा पानांचा होता आणि तो याहून वेगळं काही सांगत नव्हता. मी पत्रिका पुढे करणार, तेवढ्यात पपा म्हणाले, “लुसीची माती कुठली?”

काकाचे हात थांबले. पाच वर्षं पपा दर रविवारी देवळात जात होते. दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आजीआजोबांच्या क्रूसाशी मेणबत्ती लावत होते. कबरींच्या त्या ओळींतून मान खाली घालून जात-येत होते. भावजय म्हणून तर नाहीच, शेजारीण म्हणूनही तिची जागा त्यांनी कधी बघितली नव्हती. काकाने पानांवर ओलं फडकं झाकलं, चपला पायात घातल्या आणि पुढे चालू लागला.

मला पुढचं माहीत होतं. आईला माहीत होतं. सगळ्या आळीला माहीत होतं, पण आमच्या घरात लुसीकाकीचं नाव निघत नसे, तेव्हा पपांना सांगणार कोण? मी पत्रिका घेऊन त्यांच्या मागे चालले.

देवळामागच्या दफनभूमीत भिंतीकडून तिसऱ्या ओळीत काका थांबला. “इथं.”

पपांनी क्रूसावरचं नाव वाचलं. तिथं लिहिलं होतं व्हेरोनिका, आणि साल होतं १९८३.

“ही ती नाही,” पपा म्हणाले.

“इथंच व्हती. गेल्या साली उघडली. जागा कमी हाय ना, दादा. साधी माती चार वर्सांनी उघडतात.”

“मग ती?”

काकाने कोपऱ्याकडे हात केला. तिथं भिंतीला लागून पत्र्याच्या झाकणाची एक चौकोनी कोठडी होती. उघडलेल्या कबरींतली हाडं तिच्यात ठेवत. “सगल्यांसंगत,” तो म्हणाला.

पपांनी त्या कोठडीकडे पाहिलं, मग पायाशी पाहिलं. त्यांना कुठं गुडघे टेकावेत ते कळेना. शेवटी ते व्हेरोनिकाच्या क्रूसासमोरच टेकले, कारण लुसीला शेवटचं जमिनीत ठेवलं ते तिथं. “लुसी,” ते म्हणाले, “मला माफ कर,” आणि रडायला लागले. हुंदके देऊन, आवाज करून, एखादं मूल रडतं तसे. मी पपांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी ते केळीचं पान कापत होते ते आठवून रागही आला, आणि दोन्ही खरं होतं.

काका त्यांची समजूत काढेल असं मला वाटलं. त्याने काढली नाही. तो जे आहे तेच सांगणारा माणूस होता.

“रोज विचारायची,” तो म्हणाला. “दादा आले का, दादा आले का. शेवटचे चार दिवस नाय विचारलं.”

पपांनी मान हलवली. ऐकलं असं सांगायला. काका त्यांच्या शेजारी उभा राहिला, हात मागे बांधून. देवळाच्या आवारातून कोणीतरी सायकल नेली. माझ्या हातातली पत्रिका घामाने मऊ झाली होती.

शेवटी काकाने वाकून पपांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उभं केलं. सदऱ्याला लागलेली माती झटकली, एकदा, दोनदा. अकरा वर्षांत भावाच्या अंगाला त्याचा हात लागला नव्हता.

“हिल्डाचं लगीन किती वाजता?” त्याने विचारलं.

पपांनी बाहीने तोंड पुसलं. “साडेचारची मिस्सा.”

“मंग मी दोनला येतो,” काका म्हणाला. “खुर्च्या कोन लावनार?”